अंकपल्लवी: मराठी मजकूर आकड्यांत कसा लपवावा

लहानपणी ‘च’च्या भाषेत ‘मला’चे ‘चलाम’ करून बोलणाऱ्या प्रत्येकाने सांकेतिक भाषेचा पहिला धडा नकळत गिरवलेला असतो. बोलण्यापुरती ती युक्ती पुरते. कागदावर मात्र ती चटकन उघडी पडते. लिहिण्यासाठी आपल्याकडे अंकपल्लवी नावाची जुनी पद्धत आहे, आणि ती वर्णमालेच्या रचनेवरच उभी असल्यामुळे रोमन अक्षरांसाठी बनलेल्या कोणत्याही युक्तीपेक्षा मराठीला अधिक साजते. हाताच्या खुणांनी बोलण्याची करपल्लवी आणि डोळ्यांनी बोलण्याची नेत्रपल्लवी ही तिचीच भावंडे होत. कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्येही ‘म्लेच्छितविकल्प’ या नावाने सांकेतिक लेखनाचा समावेश आहे.

प्रथम वर्गांना क्रमांक द्यावेत. स्वरांचा वर्ग १, क-वर्ग २, च-वर्ग ३, ट-वर्ग ४, त-वर्ग ५, प-वर्ग ६, ‘य र ल व’ यांचा ७ आणि ‘श ष स ह ळ’ यांचा ८. दुसरा अंक त्या वर्गातील अक्षराचे स्थान सांगतो आणि तिसरा बाराखडीतील मात्रेचे: अ १, आ २, इ ३, ई ४, उ ५, ऊ ६, ए ७, ऐ ८, ओ ९, औ १०, अं ११, अः १२. आता ‘गडावर या’ हे दोन शब्द लिहून पाहू. ‘ग’ हे क-वर्गातील तिसरे अक्षर असून त्याला मात्रा नाही, म्हणून २-३-१. ‘डा’ ४-३-२, ‘व’ ७-४-१, ‘र’ ७-२-१ आणि ‘या’ ७-१-२. स्वर स्वतंत्रपणे आला तर दोनच अंक लिहावेत. ‘आ’ म्हणजे १-२.

नवशिक्यांची अडचण होते ती जोडाक्षरांपाशी. पाय मोडलेल्या अक्षराला मात्रेच्या जागी शून्य द्यावे, म्हणजे ‘उद्या’ हा शब्द १-५, ५-३-०, ७-१-२ असा होतो. अनुस्वार अकाराखेरीज दुसऱ्या मात्रेवर आला, तर पुढच्या अक्षराच्या वर्गातील अनुनासिक पाय मोडून लिहावे: ‘चांदी’ म्हणजे ‘चा-न्-दी’, म्हणून ३-१-२, ५-५-०, ५-३-४. ‘कृपा’तील ऋकारासाठी १३ हा अंक आधीच ठरवून घ्यावा. अंकांमधील रेघा आणि गटांमधील स्वल्पविराम गाळण्याचा मोह टाळावा, कारण मात्रा १० पासून पुढे दोन अंकी होतात आणि सलग आकड्यांमध्ये ‘११’ ही एक मात्रा आहे की दोन वेगळे अंक आहेत, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

इथवरच्या लेखनाला कुलूप नाही. पद्धत ठाऊक असलेला कोणीही ते वाचू शकतो. पद्धत सर्वांना कळली तरी केवळ किल्लीच्या बळावर मजकूर सुरक्षित राहिला पाहिजे, हे तत्त्व डच भाषातज्ज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले. आपली किल्ली म्हणून दोघांनी एक संख्या ठरवावी. समजा, शिवराज्याभिषेकाचे वर्ष १६७४. तिचे अंक वर्गांच्या अंकांत क्रमाने मिळवावेत आणि बेरीज ८ च्या वर गेली, तर त्यातून ८ वजा करावेत. ‘गडावर’चे वर्ग २, ४, ७, ७; त्यांत १, ६, ७, ४ मिळवले की ३, २, ६, ३ येतात आणि मजकूर ३-३-१, २-३-२, ६-४-१, ३-२-१ असा होतो. ‘व’ आणि ‘र’ दोघांचा वर्ग ७, पण एक ६ झाला आणि दुसरा ३. या पद्धतीचे सारे बळ इथे आहे. ‘या’साठी किल्ली पुन्हा १ पासून सुरू होते आणि ८-१-२ मिळते. उलगडताना हेच अंक वजा करावेत. बाकी शून्य किंवा उणे आली तर ८ मिळवावेत.

बगदादच्या अल्-किंदी या अरब तत्त्वज्ञाने नवव्या शतकात दाखवून दिले होते की, कोणते चिन्ह किती वेळा येते हे मोजत गेले की लपवलेली भाषा उघडी पडते. आपल्या रीतीत मात्रांचे अंक जसेच्या तसे राहतात आणि मराठीत अकार-आकारांची गर्दी असते, त्यामुळे १ आणि २ यांची रेलचेल जाणकाराला सुगावा देईल. पासवर्ड किंवा बँकेचे तपशील यासाठी ही रीत वापरू नये. कागदावरची अक्षरेच दिसू नयेत असे वाटत असेल, तर लिंबाच्या रसाने लिहून वाळवावे. दिव्याच्या उबेवर धरताच ती तपकिरी होऊन उमटतात.

किल्लीबाबत मला मनापासून सांगावेसे वाटते. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ परक्यांपासून जपण्यासाठी चौदाव्या शतकापासून सकळ, सुंदरी, वज्र अशा लिप्या वापरल्या, आणि मराठी गद्याचा आरंभीचा ठेवा असलेले ‘लीळाचरित्र’ही त्या पडद्याआड गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल प्रसिद्ध करेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला आपल्याच भाषेचा हा ठेवा वाचता येत नव्हता. म्हणून जपून ठेवायचा मजकूर असा लिहाल, तेव्हा किल्ली त्याच वहीत ठेवू नका, पण विश्वासातल्या एका माणसाला ती तोंडी सांगा आणि त्याच्याकडून एक ओळ उलगडून घेऊन खात्री करा.