पडवीतल्या झाडांना एलईडी लावताय? या चुका टाळा

जून उजाडला की कोकणात कुंड्यांची हलवाहलव सुरू होते. अडेनियम आणि निवडुंग बाहेर राहिले तर मुळं कुजतात, अंगणातली कोथिंबीर पहिल्या मोठ्या सरीतच लोळते. म्हणून सगळं पडवीत येतं. पण कौलांचा उतार खाली आलेला, त्यात झड आत येऊ नये म्हणून निळं प्लास्टिक बांधलेलं. उजेड येणार कुठून? मग दिव्याची खरेदी निघते आणि तिथेच पैसे वाया जातात.

'झाडांचा दिवा' म्हणून दुकानदार हटकून जांभळा दिवा काढतो. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं, पण हिरवाही पानाच्या आतल्या थरांत कामी येतो. शिवाय साधा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवाच, वर फॉस्फरचा, म्हणजे निळ्याचे बाकीचे रंग करणाऱ्या द्रव्याचा, लेप दिलेला. त्यात सगळे रंग येतात. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की कीड लागलीय, तेही धड कळत नाही.

दुसरी फसगत वॅटची. खोक्यावर ठळक '1000 वॅट' छापलेलं असतं आणि दिवा प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या हिश्शाइतकीच वीज ओढतो. ल्युमेन हेही आपल्या डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचं माप आहे. झाडासाठी पाहायचा आकडा मायक्रोमोल प्रति ज्यूल, म्हणजे तेवढ्याच विजेत पानांच्या उपयोगाचा प्रकाश किती. चांगल्या पांढऱ्या ट्यूबचा तो साधारण 1.4 पडतो, चांगल्या ग्रो लाइटचा, म्हणजे खास झाडांसाठी बनवलेल्या दिव्याचा, 2.5 किंवा त्याहून जास्त.

मग ग्रो लाइटच घ्यावा? आधी हिशेब करा. 20 वॅटची एलईडी ट्यूब देते तेवढा उपयोगी प्रकाश ग्रो लाइट 11 वॅटमध्ये देईल. वाचले 9 वॅट. रोज 12 तास, पावसाळ्याचे 120 दिवस, म्हणजे जेमतेम 13 युनिट. युनिट दहा रुपयांना धरलं तर वर्षाला 130 रुपये. दिव्यासाठी दीड हजार जास्त मोजले असतील तर ते वसूल व्हायला अकरा-बारा वर्षं लागतील, आणि खाऱ्या हवेत तोवर दिवा टिकायला हवा! चार महिन्यांच्या कामाला साधी ट्यूब पुरे, असं माझं मत. वर्षभर दहा ट्यूब 16 तास लावून मायक्रोग्रीन्स (खायची कोवळी रोपं) विकणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचे याच हिशेबाने सव्वापाचशे युनिट वाचतात; त्याने महागडा दिवा जरूर घ्यावा. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढचे युनिट चढ्या दराने लागतात, तेव्हा दिव्याचा खर्च धरताना बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा.

जुनी 36 वॅटची ट्यूब आणि तांब्याचा चोक अजून चालू असेल, तर ती मात्र आजच काढा. चोकसकट ती 50 वॅटच्या आसपास खाते.

दिवा आढ्याला टांगणं ही सर्रास दिसणारी चूक. बल्बचं अंतर दुप्पट झालं की पानावरचा उजेड चौथाई होतो. ट्यूब रोपांच्या वर वीतभर ते हातभर अंतरावर आणा. रोपं लांबुडकी, बारीक आणि वाकलेली दिसली तर ट्यूब अजून खाली घ्या. दिव्याखालचीच पानं फिकट पडून वळू लागली तर थोडी वर. खालची पानं पिवळी आणि माती ओली असेल, तर दोष पाण्याचा. आत माती वाळायला वेळ लागतो, बाहेरच्या सवयीने पाणी घालू नका.

रात्रभर दिवा नको, 12 ते 14 तास पुरे. इथे टायमरची गंमत होते: वादळात लाइन गेली की चकतीवाला स्वस्त टायमरही थांबतो. सहा तास वीज नसेल तर दिवा पुढे रोज सहा तास उशिरा लागतो आणि मध्यरात्री जळत राहतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

ट्यूब लुकलुकायला लागली की लगेच नवी आणू नका. मेन स्विच बंद करून पिना बघा. किनाऱ्यालगतच्या घरांत पितळेवर हिरवट थर चढतो. तो कोरड्या कापडाने आणि बारीक पॉलिशपेपरने काढून पाहा. पडवीत झड येतच असेल तर आयपी 65 (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाण्याची खूण) लिहिलेली सीलबंद ट्यूब घ्या, जोडही बंद डबीत ठेवा.

आणि अडेनियमने दिवा लावूनही पानं टाकली, तर आधी खोड दाबून पाहा. टणक असेल तर झाड फक्त विसावलंय. पाणी तोडा, पाऊस सरून उन्हात गेलं की पालवी येईल. मऊ लागलं तर आत कूज आहे, तिथे दिवा काही करणार नाही.