जपानी येत नसताना जपान : प्रश्न कसा विचारावा

अजिंठ्याच्या पायथ्याशी माळा आणि रंगीत दगड विकणारी मुले जपानी पर्यटकांशी जेमतेम वीस-पंचवीस शब्दांवर सौदा पुरा करतात. व्याकरणाच्या वाटेला ती जात नाहीत, परंतु गिऱ्हाइकाचे उत्तर एखाद्या आकड्यात किंवा मान हलवण्यात मावेल, अशाच बेताने बोलतात. जपानला सहलीसाठी निघालेल्या माणसाने हेच कसब उचलावे, असे माझे मत आहे. कारण घोकलेला प्रश्न आपण अस्खलित विचारला, की समोरचा माणूस तितक्याच अस्खलितपणे चार वाक्ये बोलून मोकळा होतो आणि आपली पंचाईत होते.

म्हणून नारा या शहराला कसे जायचे, असे विचारू नये. फलाटावर उभ्या असलेल्या गाडीकडे बोट करून ‘सुमिमासेन, कोरे वा नारा नि इकिमास् का’ असे विचारावे. ‘सुमिमासेन’ म्हणजे ‘माफ करा’, आणि अनोळखी माणसाशी बोलताना सुरुवात याच शब्दाने करावी. पुढचे वाक्य शब्दाला शब्द लावून पाहिले तर ‘ही नाऱ्याला जाते का’ असेच आहे : ‘नि’ म्हणजे आपला ‘ला’, ‘इकिमास्’ म्हणजे ‘जाते’, आणि शेवटचा ‘का’ तर जणू घरचाच. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागून, ही चाल मराठी माणसाला उपजत असल्यामुळे अशी वाक्ये आपल्या तोंडी लवकर बसतात. फरक एवढाच, की ‘कुठे’ या अर्थाचा ‘दोको’ वापरला तरी तिकडे शेवटी ‘का’ लागतो, जसे ‘तोइरे वा दोको देस् का’, म्हणजे शौचालय कुठे आहे. फलाटाचा क्रमांक हवा असल्यास ‘नानबान सेन देस् का’ असे विचारून छोटी वही आणि पेन पुढे करावे आणि ‘काइते कुदासाइ’, म्हणजे ‘लिहून द्या’, असे म्हणावे. आकडे बहुधा इंग्रजी लिपीतच लिहून मिळतात.

उत्तरे ओळखण्याचीही थोडी तयारी हवी. ‘हाइ’ म्हणजे ‘हो’ खरे, परंतु पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो. दोन्ही हातांची फुली केली तर स्पष्ट नकार समजावा. ‘चोत्तो’ हा शब्द लांबवत कोणी मान तिरकी केली, तर आपल्याकडच्या ‘बघू की’ची आठवण ठेवून तो विषय तिथेच सोडावा.

ही वाक्ये रोमन लिपीत न लिहिता देवनागरीत लिहून न्यावीत. जपानीतील जोडव्यंजने आपल्या जोडाक्षरांत चपखल बसतात. ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट. लांबवलेल्या स्वरापुढे मात्र अवग्रह (ऽ) द्यावा, कारण ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. पन्नाशीच्या दुकानदारीणबाईंना चुकून आजी म्हटले, तर त्या काय म्हणतील हे सांगायला जपानी येण्याची गरज नाही.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा जेवणात होते. ‘निकु वा ताबेमासेन’, म्हणजे ‘मांस खात नाही’, एवढे एकच वाक्य पाठ करून मी उदोन या जाड शेवयांच्या दुकानात बसलो होतो. वाडग्यात मांसाचा तुकडा नव्हता, पण वाफेबरोबर माशाचा वास नाकात शिरला. रश्श्याचा आधार असलेले ‘दाशी’ बहुधा कात्सुओ नावाचा मासा वाळवून, त्याचे पातळ पापुद्रे काढून उकळलेले असते, आणि मिसो सूपमध्येही, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सारातही, बहुतेक वेळा तेच असते. चूक दुकानाची नव्हती; मी जे विचारले त्याचेच उत्तर मला मिळाले होते. तेव्हापासून ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशी मो दामे देस्’, म्हणजे ‘मांस आणि मासे खात नाही, माशाचे दाशीही चालत नाही’, असे संपूर्ण वाक्य मी कागदावर जपानीत लिहून जवळ ठेवतो. वाकायामा प्रांतातील कोयासान येथील बौद्ध मठांत मुक्काम केल्यास मांस-मासे नसलेले ‘शोऽजिन र्‍योऽरी’ हे जेवण मिळते. तेथील ओकुनोइन स्मशानभूमीतल्या दगडी स्मारकांवर सिद्धम् या भारतातून तिकडे गेलेल्या, देवनागरीच्या नात्यातल्या लिपीतील बीजाक्षरे कोरलेली आहेत, आणि ती पाहून देवनागरी वाचणारा माणूस क्षणभर थबकतोच.

घरून शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे न्यावेत, परंतु केशर आंबा नेऊ नये. तपासणी प्रमाणपत्राशिवाय ताजी फळे जपानमध्ये नेता येत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे साधारणपणे एका महिन्यापुरती चालतात. सर्दीच्या गोळ्यांतील घटक मात्र वाचून पाहावेत, कारण १० टक्क्यांहून अधिक स्यूडोएफेड्रिन असलेले औषध पूर्वपरवानगीशिवाय नेण्यास बंदी आहे.

पैशांच्या बाबतीत कान वापरू नयेत, डोळे वापरावेत. जपानी मोजणी दहा हजारांच्या ‘मान’वर चालते, त्यामुळे ‘जूऽमान’ ऐकून एक लाख हे उमगेपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते. मोबाइलवरील कॅल्क्युलेटर पुढे करावा. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवावेत आणि बक्षिसी देऊ नये.

टोकियोच्या मेट्रोत स्थानकांची नावे लक्षात ठेवण्यापेक्षा क्रमांक ठेवावेत. गिन्झा मार्गावर शिबुया ‘जी ०१’ आणि असाकुसा ‘जी १९’ आहे, त्यामुळे किती स्थानके उरली हे घोषणा न समजताही मोजता येते. बाहेर पडण्याच्या दाराचा क्रमांकही आधीच टिपून ठेवावा.

हॉटेलात पोहोचताच जपानी पत्ता छापलेले कार्ड मागून खिशात ठेवावे. टॅक्सीत ते दाखवले की बोलण्याचे काम पडत नाही, आणि टॅक्सीचे मागचे दार चालक स्वतःच उघडतो व लावतो. वाट चुकल्यास ‘कोऽबान’ या छोट्या पोलीस चौकीत तेच कार्ड पुढे करावे. पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका किंवा अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक त्याच कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवावेत, आणि बरोबरच्या ज्येष्ठांच्या खिशात तसेच दुसरे कार्ड द्यावे.