दवाखान्याचा टोकन-बोर्ड: सर्व्हरच्या हातात काय आणि किती

मामांचा दवाखाना इंदूरच्या रामबागेत आहे. टोकन-बोर्डाचं काम मला देताना ते एका दमात म्हणाले, "अगं, मी आत बटण दाबलं की बाहेरच्या टीव्हीवर नंबर बदलला पाहिजे, घंटा वाजली पाहिजे, काउंटरवर पावती निघाली पाहिजे, आणि रात्री सगळं आपोआप बंद." बोर्ड म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं एक वेबपान, आणि त्याला माहिती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. मी चारही गोष्टी सर्व्हरवरच लिहायला बसले आणि तीन ठिकाणी अडले. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी हे वाचा.

सर्व्हर आपणहून ब्राउझरला हाक मारू शकत नाही. हाक नेहमी ब्राउझर मारतो, सर्व्हर ओ देतो. त्यामुळे टीव्हीवरच्या पानानंच 'इव्हेंटसोर्स' ही ब्राउझरमधली सोय वापरून एक जोडणी उघडून ठेवायची. मग सर्व्हर तिच्यातून नंबर पाठवत राहतो, आणि जोडणी तुटली तर ब्राउझर ती पुन्हा जोडतो. मध्ये एनजिनएक्स (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं मध्यस्थ सॉफ्टवेअर) असेल तर त्याचं बफरिंग, म्हणजे माहिती साठवून मग पुढे पाठवणं, बंद करा. मी केलं नव्हतं, तेव्हा नंबर मध्येच अडकून थोड्या वेळानं एकदम येत. साध्या एचटीटीपी १.१ वर (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची जुनी पद्धत) एका ब्राउझरला एका साइटशी सहाच जोडण्या मिळतात, म्हणून टीव्हीच्या मशीनवर हेच पान उगाच अनेक टॅबमध्ये उघडं ठेवू नका.

घंटेचं उत्तर सोपं आहे. २०१८ पासून क्रोम पानाला कुणी हात लावल्याशिवाय आवाज सहसा वाजू देत नाही. पानावर 'बोर्ड सुरू करा' असं मोठं बटण ठेवलं. सकाळी काउंटरवरच्या ताई ते एकदा दाबतात.

पावतीनं मात्र दोन रात्री खाल्ल्या. पान फार तर छपाईची खिडकी उघडू शकतं. कोणते प्रिंटर जोडलेत हे त्याला दिसत नाही आणि 'प्रिंट' माणसालाच दाबावं लागतं. हे बंधन मला पूर्ण पटतं, नाहीतर कुठलीही अनोळखी साइट तुमचा कागद संपवेल. उपाय काउंटरच्या मशीनवरच करावा लागतो. क्रोमचा वेगळा शॉर्टकट करा, त्याच्या 'टारगेट' रकान्याच्या शेवटी दोन आडव्या रेघा देऊन 'किऑस्क-प्रिंटिंग' हा पर्याय इंग्रजीत जोडा, आणि पावतीचा प्रिंटर डिफॉल्ट ठेवा. त्या शॉर्टकटला 'युझर-डेटा-डिर' हा पर्याय देऊन स्वतंत्र प्रोफाइलही, म्हणजे क्रोमची वेगळी साठवण, द्या. दुसरं क्रोम आधीच उघडं असलं तरी मग छपाईचा पर्याय लागू होतो. त्या प्रोफाइलमध्ये दवाखान्याच्या पानाशिवाय काहीही उघडायचं नाही, कारण तिथे प्रत्येक पानाची छपाई न विचारता होते.

रात्री पान बंद करण्याचा हट्ट सोडा. माणसानं उघडलेली खिडकी स्क्रिप्टला (पानातल्या प्रोग्रामला) सहसा बंद करता येत नाही. आम्ही नऊ वाजता 'दवाखाना बंद' एवढंच दाखवतो.

ही मशीनं आपली, म्हणून एवढं जमलं. पेशंटनं हेच पान मोबाइलवर उघडलं तर तो मोबाइल आपला नाही. कुणी कोपऱ्यावर पोहे खायला गेलं आणि स्क्रीन बंद झाली की पान झोपी जाऊ शकतं; म्हणून पान पुन्हा दिसू लागताच ताजा नंबर मागवायचा. नोटिफिकेशनला परवानगी लागते, आणि आयफोनवर वेबचं नोटिफिकेशन आयओएस १६.४ पासून, तेही पान होम स्क्रीनवर घेतलं असेल तरच मिळतं. मामांच्या सत्तरीतल्या पेशंटांना हे सगळं करायला लावणं मला बरोबर वाटलं नाही. त्यांचा नंबर जवळ आला की ताई फोन करतात.