डाळ शिजत नाही, भाकर चिरते? या चुका टाळा

लग्न होऊन वर्धेकडून दर्यापूर तालुक्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी तुरीची डाळ शिजली नाही. सहा शिट्ट्या झाल्या, कुकर उघडला, तर वर पिवळं पाणी आणि खाली दाणे तसेच. माहेरी हीच डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी व्हायची. मी घाबरून रडायलाच लागले. सासूबाईंनी दाणा बोटांत चेपून पाहिला आणि म्हणाल्या, "डाय खराब नाही वं माय, पानी खारं हाये."

अमरावती, अकोला, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारं आणि जड. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याला घट्ट जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून दाणा फुटत नाही. त्यामुळे पहिली चूक म्हणजे डाळीला बोअरचं पाणी घालणं. पिण्याचं गोडं पाणी थोडंच असलं तरी भिजवायला आणि शिजवायला तेच घ्या, भांडी बोअरच्या पाण्याने घासा. गोडं पाणी नसेलच, तर बोअरचं पाणी खळखळ उकळून गार करा आणि तळाशी पांढरा थर बसला की वरचं वरचं काढून घ्या. पूर्ण गोडं होत नाही, पण फरक पडतो.

पाणी चांगलं असून डाळ अडली, तर तुम्ही आंबट कधी घातलं ते आठवा. चिंच, भेदरं (टोमॅटो), चुक्याची आंबट भाजी यांतलं काहीही डाळ शिजण्याआधी पडलं की दाणा पुन्हा आखडतो. अंबाडीच्या बाबतीत ही चूक हमखास होते, कारण वेळ वाचावा म्हणून पाला, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या एकाच गंजात (पातेल्यात) चढवल्या जातात. पाला वेगळा उकडा, पाणी पिळून टाका, डाळ-कण्या मऊ शिजल्या की मग त्यात घोटा. वरून लसणाची फोडणी सढळ हाताने घाला, इथे तेलात काटकसर केली तर भाजी जिभेला बोचते. लोखंडी कढईत मात्र ती ठेवून देऊ नका, काळी पडते.

सोडा घालून डाळ शिजवायची सवय मला मान्य नाही. डाळ मऊ होते खरी, पण बी-१ जीवनसत्त्व नासतं आणि चव साबणासारखी लागते. मिठाबद्दल मात्र गैरसमज आहे. मिठाने हरभरा कडक होत नाही, उलट लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून रात्रभर भिजवला तर साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. आणि दोन वर्षं पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत पडलेला हरभरा कितीही भिजवला तरी टणकच राहतो. तो दळून बेसन करा, झुणक्याला उत्तम.

आता भाकर. पूर्वी आमच्या शिवारात ज्वारी घरची असायची. सोयाबीन वाढलं, रोही (नीलगाय) आणि रानडुकरं वाढली, आणि ज्वारी मागे पडली. आता बरीच घरं ज्वारी किंवा थेट पीठ विकत आणतात, आणि भाकर चिरते ती तिथून. ज्वारीत पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन नसतं, गव्हासारखं तिचं पीठ स्वतःहून धरत नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. पंधरवड्यापुरतंच दळून आणा. तेवढं जमत नसेल, तर गरम पाणी हाच उपाय, त्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो.

पण गरम पाणी घालूनही माझ्या भाकरी वर्षभर चिरत होत्या. कारण मी पाच भाकरींचं पीठ एकदम मळून ठेवायची. सासूबाई एका भाकरीपुरतंच मळायच्या, तळहाताच्या टाचेने रगडून, शेवटी पाण्याचा हात लावून. त्यांच्या हाताला वेग नव्हता, पण एकही थाप वाया जायची नाही. तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं आणि ते पाणी नुकतं आटलं की उलटायची. ओली उलटली तर चिकटते, पार वाळू दिली तर चिरते आणि पापुद्रा सुटत नाही. त्या गेल्या त्याला आता चार वर्षं झाली. परातीत पाणी घेताना अजूनही माझा हात थांबतो, त्यांच्या हाताची वाट पाहिल्यासारखा.

पाहुणे आले की वरण पातळ करणं ही मला मोठी चूक वाटते. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांतला घटक कमी, तो डाळीत भरपूर, आणि डाळीत जे कमी ते ज्वारीत. मजुरीवरून आलेल्या माणसाच्या ताटात नुसती भाकर आणि पिवळं पाणी वाढलं, तर त्याचं पोट भरतं, अंग भरत नाही. तूर महाग वाटली तर मूग, बरबटी (चवळी), मठ (मटकी) घ्या, पण डाळ घट्ट वाढा.

मठाचं एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यात मोड येत नाहीत म्हणून मठ फेकू नका, कापडात बांधून चुलीच्या उबेला ठेवा, दीड-दोन दिवसांत येतात. मे महिन्यात उलट होतं. पारा ४५ वर असताना रात्री भिजवलेली बरबटी सकाळी फेसाळून आंबते. उन्हाळ्यात ती पहाटे उठून भिजवा, चार-पाच तास पुरतात, आणि मधे एकदा पाणी बदला.