मलप्रभेच्या काठाने कुत्र्यासह: खानापूर ते असोगा

कणकुंबीच्या डोंगरात उगम पावलेली मलप्रभा खानापुराजवळ येईपर्यंत शांत झालेली असते, आणि तिथून असोग्याच्या रामलिंगेश्वर मंदिरापर्यंतची चार-पाच किलोमीटरची वाट कुत्र्याला घेऊन चालण्यासाठी मला सर्वांत सोयीची वाटते. बेळगावहून खानापूर सुमारे २६ किलोमीटर असल्याने सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी परतता येते. मात्र ही वाट बागेतली नसून लोकांच्या शिवारातून जाते, हे निघण्यापूर्वीच मनात पक्के करावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात नदी फुगलेली असते, शिवाय चिखलाच्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराचा) संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे रेबीजबरोबरच लेप्टोची लसही वेळेवर दिलेली आहे ना, हे आधी पाहावे आणि गोचिडांवरचे औषध चालू ठेवावे. सोबत दोन माणसांना आणि एका कुत्र्याला पुरेल एवढे पाणी, पसरट भांडे, चिमटा आणि दीड-दोन मीटरचा मजबूत पट्टा घ्यावा. लांबणारे पट्टे पाणंदीत कुंपणाला गुंततात, म्हणून ते घरीच ठेवावेत.

चालताना नदीकाठी पायवाट असेल तिथे काठाने, नसेल तिथे रस्त्याने किंवा पाणंदीने जावे. उभ्या भातातून किंवा नुकत्याच पेरलेल्या मसुरीतून आडवाट काढू नये. बांधावरून जाताना कुत्र्याला मागे ठेवावे, पुढे सोडू नये. उसाच्या फडाला खेटून चालणे टाळावे, कारण तिथल्या पाचोळ्यात घोणस पटकन दिसत नाही आणि कुत्रे आधी नाक घालते.

सुगीच्या दिवसांत खळ्याजवळून जाण्याचा प्रसंग हमखास येतो. पहिल्याच वर्षी आमच्या कुत्र्याने पट्टा ओढून भाताच्या भाऱ्यांजवळ जाऊन तंगडी वर केली. मळणी करणाऱ्या आजींनी आवाज चढवला नाही. "बाळा, खळ्यात आमी चप्पल घालूनसुद्धा येत नाही," एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हापासून खळे दिसताच मी पट्टा हाताला दोन वेढे देऊन पलीकडच्या बाजूने जातो.

गाई-म्हशी चरत असतील तर दुरून वळसा घालावा. वासरू सोबत असलेली म्हैस कुत्रे पाहताच अंगावर येऊ शकते. तसे झालेच तर पट्टा धरून न ठेवता सोडून द्यावा: कुत्रे तिला चुकवून निघून जाते, आपल्याला मात्र ते जमत नाही. गावातील कुत्री भुंकत आली तर पळू नये, आपल्या कुत्र्याला उचलूही नये. सावकाश चालत त्यांची हद्द ओलांडावी.

पाण्यात उतरवायचे असल्यास उथळ, वाळूची जागा निवडून पट्टा हातात ठेवावा. डोहांपासून दूर राहावे. बायका धुणे धूत असतील तर त्यांच्या खालच्या बाजूला, म्हणजे पाणी ज्या दिशेने वाहत जाते तिकडे, कुत्र्याला उतरवावे. असोग्याला पोहोचल्यावर कुत्र्याला देवळात नेऊ नये. दोघांनी आळीपाळीने दर्शन घ्यावे. महाशिवरात्रीला तिथे गर्दी असते, तो दिवस वगळावा. खानापूर तालुक्यातच भीमगड अभयारण्य आहे, तिकडे मात्र कुत्र्याला नेण्याचा विचारही करू नये.

परतीच्या वाटेवर डांबराला हाताची मागची बाजू लावून पाहावी. सात सेकंद टेकवता आली नाही तर सावलीत थांबावे. ऊसतोडीच्या काळात ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून डुलत जातात, म्हणून कुत्रे नेहमी कडेच्या बाजूला असावे.

घरी आल्यावर, दमलेला जीव झोपण्यापूर्वीच, त्याला ओसरीवर आडवे करून बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान तपासावेत. सुकलेल्या गवताचे कुसळ टोकाने आत शिरते आणि त्याच्या बारीक काट्यांमुळे मागे फिरत नाही. एकदा तर ते मी बोटांमधल्या मऊ कातड्यात केवळ तपकिरी ठिपक्यासारखे पाहिले होते. असे कुसळ बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढावे. कानात खोल गेले असेल, किंवा कुत्रे सारखी मान झटकत असेल, तर स्वतः खटपट न करता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.