आधी माहेरची नावं: मुलींच्या शाळेच्या मेळाव्याची तयारी

माजी विद्यार्थिनींचा मेळावा ठरला की पहिली बैठक हमखास हॉल, जेवण आणि साड्यांच्या रंगात जाते. ही कामं शेवटच्या महिन्यातही उरकतात. आधी नावं हातात घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत, विद्यार्थिनीचं माहेरचं नाव, आणि आज ती सापडणार सासरच्या नावाने. आडनाव बदललेलं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलेलं, जुन्या पिढीत तर पुष्कळदा पहिलं नावही लग्नात बदललेलं. म्हणून यादीत शाळेतलं पूर्ण नाव, आताचं नाव, मॅट्रिक किंवा दहावीचं वर्ष आणि वर्गात हाक मारायचे ते नाव असे वेगळे रकाने ठेवा. हाकेच्या नावानेच मैत्रिणी लवकर सापडतात. १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन तुकड्या एकदम बाहेर पडल्या; त्यांचे व्हॉट्सॲप गट वेगळे करा.

रजिस्टर बघायला मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी घ्या आणि ते शाळेतच बसून वाचा. त्यात जन्मतारीख आणि जात असते, त्यामुळे पानांचे फोटो गटावर टाकायचे नाहीत. मात्र शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना सावकाश वाचा. शाळेचा खरा इतिहास मला तिथेच दिसतो. कुठे लग्न, कुठे वडिलांची बदली, कुठे काहीच लिहिलेलं नाही. लग्नामुळे शाळा सुटलेल्या मुली दर दशकात किती, एवढं मोजून तक्ता केलात तर स्मरणिकेतल्या सगळ्या शुभेच्छा-संदेशांहून तो मोलाचा ठरेल. लॉगबुक (शाळेतल्या घडामोडींची वही), शेरेबुक (तपासणीला आलेल्यांच्या शेऱ्यांची वही), हस्तलिखित अंक कुठल्या कपाटात आहेत ते शिपाईमामांना विचारा. त्यांना बहुतेक ठाऊक असतं.

जुन्या फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. नावं रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे लिहा आणि कोणी ओळखली तेही नोंदवा.

मुलाखती सर्वांत वयस्कर माजी विद्यार्थिनीपासून सुरू करा, मेळाव्याची वाट बघू नका. 'आठवणी सांगा' म्हटलं की सगळ्या छान-छानच बोलतात. नादारी (गरिबीमुळे फीमाफी) मिळायची का, शाळेत पोचवायला कोण यायचं, घरी कोणाचा विरोध होता, असं नेमकं विचारा. रेकॉर्डिंगआधी संमती घ्या. नंतर एखादी गोष्ट वगळा म्हणाल्या तर वाद न घालता वगळा.

स्मरणिकेत 'पहिली मुलींची शाळा' लिहिण्याचा मोह प्रत्येक समितीला होतो. एकट्या पुण्यात भिडे वाड्यातली फुले दांपत्याची शाळा १८४८ची आणि हुजूरपागा १८८४ची. तेव्हा आपली शाळा कशात पहिली ते कागद दाखवून लिहा, नाहीतर स्थापनेचं साल पुरे.

घरोघरचे फोटो, प्रगतिपुस्तकं घेताना मालकिणीचं नाव आणि परत द्यायची तारीख घालून पावती द्या. स्कॅनची एक प्रत शाळेत, दुसरी समितीबाहेरच्या कोणाकडे तरी ठेवा; समित्या दर निवडणुकीला बदलतात.