पीडितांच्या मदतीचे काम शिकणाऱ्यांनो, या चुका टाळा

नागपुरातील समाजकार्य महाविद्यालयांतून क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांत हुशारीही असते आणि कळकळही. तरीही दरवर्षी तीच चूक पाहून मन विटते. ती चूक म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या पीडितेला घडलेले सगळे पहिल्यापासून सांगायला लावणे. आपल्यापर्यंत पोहोचलेली मुलगी तोवर घरी, ठाण्यात आणि मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांपुढे तेच सांगून आलेली असते, आणि पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे व नंतर सत्र न्यायालयात तिला ते पुन्हा सांगावेच लागणार असते. मधल्या मध्ये कोणाच्या क्षेत्रकार्य अहवालासाठी तिने ते आणखी एकदा का सांगावे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रकरण सांगते. एका विद्यार्थिनीने एका अल्पवयीन मुलीची केस हिस्ट्री एकाच बैठकीत पूर्ण करायची असे ठरवले. मुलगी गप्प झाली की ही पर्याय पुरवायची: पोळ्याच्या आधी की नंतर? मारबतीच्या दिवशी तर नाही ना? थकलेल्या मुलीने मान हलवली आणि अहवालात ‘मारबतीच्या दिवशी’ (म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा) असे लिहिले गेले. पोलिसांना दिलेल्या जबाबात मात्र तिने तारीख आठवत नाही, शाळेला सुट्टी होती, एवढेच सांगितले होते. तो अहवाल फाइलीत राहिला, यथावकाश फाइल न्यायालयात मागवली गेली आणि बचाव पक्षाच्या वकिलांनी नेमकी तीच ओळ धरली. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली मुलाला प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, त्यामुळे कोणाचा आवाज चढला नाही. पण ‘मी असं म्हटलं नव्हतं’ एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, आणि ते अक्षरशः खरे होते, कारण तो शब्द तिचा नव्हताच. विसंगती शेवटी किरकोळ ठरली, पण त्या दिवसानंतर ती मुलगी आमच्यापैकी कोणाशीही मोकळेपणाने बोलली नाही.

पहिल्या भेटीत मी दोनच गोष्टी विचारते: आत्ता कुठे दुखते आहे का, आणि आज रात्री कुठे झोपणार. बाकीची माहिती एफआयआरच्या प्रतीतून आणि दवाखान्याच्या कागदांतून मिळते. मुलगी आपणहून काही बोललीच, तर ते तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहून ठेवते. छत्तीसगडहून किंवा बालाघाटहून कामाला आलेल्या कुटुंबातील मुलगी हिंदीत बोलली, तर माझ्या वहीतही हिंदीच असते. तिचे बोलणे शुद्ध मराठीत नीटनेटके करून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ते पान पुन्हा लिहायला लावते.

दुसरी चूक आश्वासनांची. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा पीडितांना आर्थिक साहाय्य देणारी मनोधैर्य योजना आहे, आणि तिच्यातील साहाय्य जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मंजूर होते. नवखा विद्यार्थी रडणाऱ्या आईला धीर द्यायचा म्हणून ‘दहा लाख मिळतील’ असे सांगून मोकळा होतो. दहा लाख ही योजनेतील कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष रक्कम गुन्ह्याच्या स्वरूपावरून आणि झालेल्या हानीवरून ठरते, आणि मिळालेले सगळे पैसे लगेच हातात पडतीलच असे नाही. त्याहून वाईट म्हणजे हे वाक्य घरातून शेजारी, शेजारून आरोपीच्या नातेवाइकांकडे जाते आणि उलटतपासणीत ‘पैशासाठी तक्रार केली’ या रूपाने परत येते. म्हणून मी रकमेचा आकडा तोंडी उच्चारतच नाही. अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतील, हे लिहून देते आणि शक्य असेल तर सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात सोबत जाते.

‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नका. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे सर्वांवर बंधनकारक आहे, आणि दिलेले वचन मोडणारी आणखी एक मोठी व्यक्ती त्या मुलाला नको असते.

आधी ठाणे, मग दवाखाना, असे कुटुंबाला सांगू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे लैंगिक अत्याचाराच्या किंवा ॲसिडहल्ल्याच्या पीडितांवर सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांनी तत्काळ विनामूल्य उपचार करायचे असतात.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रकरणाची चर्चा नको; नाव गाळले तरी वस्ती, शाळा आणि वडिलांचा धंदा यांवरून मुलगी ओळखू येते.

जुन्या नोट्सवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि इतर नवे फौजदारी कायदे लागू झाले, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू असल्यामुळे दोन्हींची कलमे यायला हवीत. परीक्षेपुरता एकच तक्ता पाठ करणाऱ्यांची गोची ठाण्यात पहिल्याच दिवशी होते.

काही जणांना महिनाभरातच ‘साहाय्यक व्यक्ती’, म्हणजे तपासात व खटल्यात मुलाला साथ देणारी व्यक्ती, म्हणून मुलीशेजारी बसायचे असते. ती नेमणूक बालकल्याण समिती करते, मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने करते, आणि तपास व खटला चालेपर्यंतची जबाबदारी सोबत येते. कॉलेजचे सत्र संपले म्हणून ती सोडता येत नाही. तेवढा वेळ देता येत नसेल तर अर्जच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोषारोपपत्र दाखल झाले की फाइल बंद करण्याची घाईही तशीच. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडितेला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ते कळवले का, हे आपण विचारायचे असते. मग समन्स येते तेव्हा कुटुंबाने कळमना सोडून दुसरीकडे खोली घेतलेली असते, मोबाइल क्रमांक बदललेला असतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे दुसऱ्या एका विश्वासू नातेवाइकाचा क्रमांक असतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी फोन करून फक्त एवढेच विचारते की पत्ता तोच आहे ना आणि मुलगी शाळेत जाते आहे ना.